संत्र्याचा सौदा, साडेअठरा हजार आणि गोठलेले खाते

वरूड तालुक्यातल्या एका संत्रा उत्पादकाचे बचत खाते डिसेंबर २०२४ च्या मध्यावर गोठले. खात्यात २ लाख ४७ हजार रुपये होते. आंबिया बहाराचा माल नुकताच गेला होता, त्याचेच हे पैसे. एटीएमने नकार दिला म्हणून कास्तकार शाखेत गेला. तिथे संगणकात पाहून "सायबरचा होल्ड आहे" एवढेच सांगितले गेले. होल्ड कोणत्या राज्याच्या पोलिसांचा, कोणाच्या तक्रारीवरून आणि किती रकमेसाठी, याचा एक कागदही हाती पडला नाही.

पक्षकाराच्या संमतीने, त्याचे नाव-गाव, बँक आणि पोलीस ठाणे वगळून हे प्रकरण मांडतो आहे. अशा फायली आता तालुक्याच्या बाररूममध्येही येऊ लागल्या आहेत. त्या आल्या की आपल्यापैकी बहुतेक वकिलांचा हात थेट उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेच्या मसुद्याकडे जातो. माझे मत वेगळे आहे. पोलिसांनी नेमके किती रुपये रोखायला सांगितले होते, हे आधी लेखी काढून घ्यावे. या प्रकरणाचा निकाल त्या एका आकड्याने लावला.

सौदा कसा झाला

बगीचा झाडावरच विकला होता. भाव टनाला २८ हजार, माल १२ टन, एकूण ३ लाख ३६ हजार. इसार ३६ हजार रोख. पुढे माल उचलला जाईल तसे व्यापाऱ्याच्या खात्यातून यूपीआयने २ लाख ८१ हजार ५०० आले. शेवटचे १८ हजार ५०० राहिले होते. त्या दिवशी व्यापाऱ्याचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला की आजची मर्यादा संपली, बाकीचे माझ्या माणसाच्या नंबरवरून टाकतो. दहा मिनिटांत रक्कम जमा झाली. पाठवणाऱ्याचे नाव अनोळखी होते. पैसे आले, गाडी निघाली, विषय संपला.

या सौद्याचे बिल नाही. शहरातल्या वकिलाला, आणि परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याला तर हमखास, इथेच शंका येते. सव्वातीन लाखांचा व्यवहार आणि बिल कसे नाही? पण महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. बांधावर माल विकणे पूर्ण कायदेशीर झाले, मात्र बाजार समितीत मिळणारी आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, त्यासोबत गेली. ताज्या फळांवर जीएसटी नाही, शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणजे व्यवहार सचोटीचा असूनही त्याचा कागद तयार होण्याची सक्ती कुठेच नाही. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात निम्मा व्यापार शब्दावर आणि चिठ्ठीवर चालतो. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण पैसा ऑनलाइन आणि विश्वास तोंडी, अशी जोडी झाली की अडचणीत कास्तकार सापडतो.

पैशाचा माग

मागच्या टोकाला काय घडले होते ते आम्हाला नंतर कळले. दुसऱ्या राज्यात कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली. त्याने १९३० या क्रमांकावर तक्रार केली. ही तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेत जाते आणि बँका त्या यंत्रणेला जोडलेल्या आहेत. पहिल्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर तिथेच रोखले जातात. पुढे गेले असतील तर ती बँक कुठे गेले ते नोंदवते आणि तक्रारीचे तिकीट पुढच्या बँकेकडे सरकते. पहिला थर, दुसरा थर, तिसरा थर. फसवणाऱ्यांनी पैसा मिनिटांत फोडून पसरवलेला असतो, त्यामुळे यंत्रणेलाही तितक्याच घाईने धावावे लागते. या वेगाबद्दल माझी तक्रार नाही. फसलेल्याच्या हाती काही परत लागते ते या वेगामुळेच.

आमचा कास्तकार तिसऱ्या थरात होता. ज्या खात्यातून त्याला १८ हजार ५०० आले, त्या खात्यात त्याआधी फसवणुकीतली रक्कम शिरली होती. तो खातेदार स्वतः ठग होता, की चार-पाच हजारांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणारा कोणी पोरगा, हे आजही ठरलेले नाही. भाड्याने दिलेल्या खात्यांचा धंदा आता खेड्यापर्यंत पोचला आहे. व्यापारी त्यात सामील होता असे मानायला माझ्याकडे आधार नाही. त्याने कोणाकडून तरी उसने फिरवले असावेत.

कास्तकार पहिल्यांदा आला तेव्हाचे त्याचे वाक्य असे होते: "वकीलसाहेब, माल माहा, मेहनत माही, अन् खातं बंद! मी का चोर आहो का जी?" चोर तो नव्हताच. पण यंत्रणेच्या भाषेत तो संशयित रकमेचा लाभार्थी होता, आणि हे त्याला कोणीही समजावून सांगितले नव्हते.

माझ्याकडे येण्याआधी

मुलाने मोबाइलवर रील पाहून एका 'अनफ्रीझ' सेवेला ४ हजार ९९९ रुपये भरले होते. बदल्यात एक इंग्रजी पीडीएफ आली. वर तराजूचे चित्र, खाली सही, वकिलीच्या सनदेचा क्रमांक नाही, आणि नोटीस भलत्याच शाखेच्या नावाने. नंतर तो फोन लागेना.

इथे आपल्या व्यवसायाबद्दल दोन शब्द. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ मध्ये संकेतस्थळावर ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली, तेवढीच. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ऑनलाइन मंचांवरून कामे मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाईसाठी बार कौन्सिलला निर्देश दिले. पण असल्या रीलवाल्यांतले किती जण वकील असतात? जो सनदधारकच नाही त्याला नियम ३६ लागू होत नाही. आपण नियम पाळून गप्प बसतो आणि ती जागा हे लोक भरून काढतात. यावर उपाय जाहिरातीत नाही. तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात या विषयावर अर्धा तास बोलता येतो, आणि कास्तकार तिथे येतो.

बँकेकडून आकडा काढणे

शाखा व्यवस्थापक सज्जन होते, पण उत्तर एकच: "वरून आलं आहे, आमच्या हातात काही नाही." लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पोलिसांच्या पत्राची प्रत मागितली होती, ती मिळाली नाही. बँक सरकारी असल्यामुळे माहितीचा अधिकार वापरता आला. तिथे प्रत मागितली असती तर तपासात अडथळा येईल या कारणाखाली कलम ८(१)(ज) पुढे करून नकार येण्याची शक्यता दाट होती. म्हणून कागद न मागता फक्त चार गोष्टी विचारल्या: आदेश देणारे ठाणे कोणते, तारीख कोणती, तक्रारीचा पोच क्रमांक काय, आणि विवादित रक्कम किती. अर्जदार खातेदार स्वतः आणि माहिती त्याच्याच खात्याची, त्यामुळे अडवायला जागा उरली नाही. कायद्याने दिलेल्या ३० दिवसांच्या आत उत्तर आले.

उत्तरात विवादित रक्कम १८ हजार ५०० लिहिली होती. पोलिसांची मागणीही त्याच रकमेवर होल्ड ठेवण्याची होती. संपूर्ण खाते बंद करा असे कोणीही सांगितले नव्हते. ते बँकेने आपल्या बाजूने, सावधगिरी म्हणून केले होते. रक्कम निघून गेली तर जाब आपल्याला द्यावा लागेल, ही भीती.

इथून प्रकरणाचा तोल बदलला. बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते, मात्र २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत, कायदा राबवणाऱ्या यंत्रणेच्या आदेशानुसार बँकेने केलेल्या कारवाईविरुद्ध तक्रार चालत नाही. बहुतेक वकील हे वाचून लोकपालाचा रस्ता सोडून देतात. पण १८ हजार ५०० च्या पलीकडचे २ लाख २८ हजार ५०० रोखायला आदेशच नव्हता. जो आदेश नाही त्याचे पालन केल्याचा बचाव बँकेला घेता येत नाही. बँक आणि खातेदार यांचे नाते ऋणको-धनकोचे आहे. मागितल्यावर पैसे द्यायला बँक बांधील आहे, आणि न देण्यासाठी तिला कायद्याचा आधार दाखवावा लागतो.

हेच मुद्दे घालून बँकेच्या, तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला पत्र पाठवले. जोडीला केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय दिला, ज्यात पोलिसांच्या मागणीत जेवढी रक्कम लिहिली आहे तेवढ्यापुरताच बँकांनी अटकाव ठेवावा असे म्हटले आहे. दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये आलेले छोले-भटुरे विक्रेत्याचे प्रकरणही जोडले. अवघ्या १०५ रुपयांच्या संशयित नोंदीसाठी त्याचे आख्खे खाते बंद होते. दोन्ही निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाहीत, पण नोडल अधिकाऱ्यासमोर पत्र ठेवताना बंधनकारक आणि मार्गदर्शक हा भेद फारसा आड येत नाही. त्याला आपल्या फाइलमध्ये नोंदवता येईल असे कारण हवे असते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास लोकपालाकडे जाऊ, हे शेवटच्या ओळीत लिहिले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंदी उठली. खाते चालू झाले, १८ हजार ५०० वर होल्ड राहिला. कास्तकाराच्या दृष्टीने तारखेचे महत्त्व मोठे होते. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचे होते. वेळेत भरले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. तारीख चुकली की ती सवलत गेली. आणखी महिनाभर रिटची वाट पाहिली असती तर साडेअठरा हजारांच्या वादापायी व्याजाचा भुर्दंड वेगळा बसला असता. पीएम किसानचा फेब्रुवारीतला हप्ताही त्याच खात्यात येऊन अडकला होता. बंद खात्यात पैसे येतात, बाहेर पडत नाहीत.

१०२, १०६ की १०७?

होल्ड मागणाऱ्या पोलीस ठाण्याला आम्ही ईमेल केला होता. उत्तरात पत्राचा आधार म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेचे, पोलिसांना मालमत्ता जप्त करू देणारे कलम १०२ लिहिलेले होते. तक्रार नोव्हेंबर २०२४ ची, आणि त्या संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता तर १ जुलै २०२४ पासून लागू. लागू व्हायला हवे होते ते तिच्यातले जप्तीचे कलम १०६. पण निव्वळ कलमाचा आकडा चुकल्याने अधिकार नाहीसा होत नाही, म्हणून त्या मुद्द्यावर मी वेळ घालवला नाही.

दुसरा नेहमीचा मुद्दा असा की जप्तीची खबर न्यायदंडाधिकाऱ्याला तात्काळ दिली नाही, म्हणून जप्तीच रद्द. पूर्वी काही उच्च न्यायालयांनी तसे मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये शेंतो वर्गीस प्रकरणात ही वाट बंद केली. खबर द्यायला उशीर झाला तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागेल, पण जप्ती तेवढ्याने अवैध ठरत नाही. जुन्या निवाड्यांच्या जोरावर आजही हा मुद्दा मांडला जातो, तो सोडावा. बँक खाते ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे हेही १९९९ च्या तापस नियोगी निवाड्यापासून स्थिर आहे, आणि तो खटलाही महाराष्ट्र राज्याचाच होता.

खरी लढाई कलम १०७ ची आहे. हे कलम नवे आहे. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता टाचेत घ्यायची असेल तर तपास अधिकाऱ्याने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मंजुरीने न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे त्याला कारणे दाखवा नोटीस देते, उत्तराला १४ दिवस मिळतात. नोटिसीने उद्देशच फसणार असेल तर एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. रक्कम गुन्ह्यातलीच ठरली तर ती जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत फसलेल्यांना ६० दिवसांत वाटायची. म्हणजे कास्तकाराला 'हे संत्र्याचे पैसे आहेत' असे न्यायाधीशासमोर म्हणायची जागा १०७ मध्ये आहे. १०६ मध्ये ती नाही. तिथे पोलीस रोखतात आणि खातेदार दारोदार फिरतो.

केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हा भेद स्पष्ट केला, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानेही खाती गोठवण्यासाठी १०७ चा मार्ग धरायला हवा अशीच भूमिका घेतली. आमचे पत्र गेले तेव्हा हे हाती नव्हते. आज अशी फाइल आली तर नोडल अधिकाऱ्याच्या पत्रात मी पहिला परिच्छेद खंडपीठाचाच घालीन. तरीही आकडा आधी काढीन.

१०६ खाली रोखलेली रक्कम सोडवायला कलम ५०३ चा अर्ज आहे, जुन्या संहितेतले ४५७. पण तो कुठे करायचा? तक्रारीवर तेव्हा गुन्हा नोंदलेला नव्हता, नुसता पोच क्रमांक होता. गुन्हा नाही, तर त्या राज्यातल्या कोणत्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे कागद गेले हे कोण सांगणार? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६(२) मुळे नागपूरला रिट करता आली असती, कारण खाते विदर्भात आणि झळही इथेच. तो पर्याय आम्ही बँकेच्या नकारासाठी राखून ठेवला होता.

पुराव्याची जुळवाजुळव

बिल नाही म्हणून सौदा सिद्ध होत नाही असे नाही. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत संत्र्याची नोंद होती. धर्मकाट्याच्या पावत्या मुलाने जपून ठेवल्या होत्या, त्यांवर गाडीचा क्रमांक आणि वजन. शेवटच्या पावतीची तारीख आणि १८ हजार ५०० ची नोंद एकाच दिवसाची निघाली. व्यापाऱ्याचा 'माझ्या माणसाच्या नंबरवरून टाकतो' हा निरोपही त्याच दुपारचा. पावती, निरोप आणि बँकेची नोंद शेजारी ठेवली की कोणालाही सौदा दिसतो.

बँकेला आणि पोलिसांना स्क्रीनशॉट चालले. न्यायालयात चालणार नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते, त्याचा भाग 'अ' पक्षकाराने आणि भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या ठशासारखा आकडा, लिहायची. तालुक्याला हा तज्ज्ञ कोण, हा प्रश्न बाररूममध्ये रोज निघतो. अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितले. पण त्याच निवाड्यात असेही आहे की मूळ उपकरणाच्या मालकाने ते घेऊन स्वतः साक्षीला उभे राहून ते सिद्ध केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून मुलाला सांगितले, "हा मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही, चॅट उडवायची नाही." त्याचा नवा हँडसेट घ्यायचा बेत होता. जुना आता कपाटात आहे.

उरलेली रक्कम

एप्रिलमध्ये त्या ठाण्यातून फोन आला. ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर उलट फोन करून मी खात्री केली, तो खराच होता. प्रस्ताव असा: साडेअठरा हजार तक्रारदाराच्या खात्यात टाका, होल्ड लगेच काढतो. कास्तकार तयार होता. "देऊन टाकतो जी, कटकट जाईल." मी नाही म्हणालो. एकतर ती रक्कम होल्डखालीच आहे, म्हणजे त्याला खिशातून दुसरे साडेअठरा हजार घालावे लागले असते आणि आधीचे सुटतील याची हमी तोंडी. दुसरे म्हणजे असा परस्पर भरणा उद्या कबुलीसारखा वाचला जाऊ शकतो. पोलिसांना रक्कम तक्रारदाराला द्यायची असेल तर त्यांनी न्यायालयात अर्ज करावा, नोटीस द्यावी, आम्ही म्हणणे मांडू. हे मी ईमेलने कळवले. नोटीस आलेली नाही.

यात एक गोष्ट मला अवघड जाते, ती लपवत नाही. त्या दुसऱ्या टोकाला खरोखर फसलेला माणूस आहे. त्याचे पैसे गेले आहेत आणि त्यातले साडेअठरा हजार कुठे आहेत हे त्याला ठाऊक आहे. कास्तकाराने त्या पैशांच्या बदल्यात माल दिला, तोही प्रामाणिकपणे, काहीच माहीत नसताना. दोघांपैकी तोटा कोणी सोसायचा, हा दिवाणी स्वरूपाचा जुना प्रश्न आहे. माझा कौल मोबदला देऊन, सद्भावनेने पैसे घेणाऱ्याच्या बाजूने आहे, पण मी त्याचा वकील आहे. हा निर्णय होल्डच्या बटणाने होऊ नये, एवढे मात्र वकील नसतो तरी म्हटले असते.

रकमेसाठी परराज्यात वकील लावावा का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३० इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कामकाज चालवायला वाव देते. तरी वकालतनामा, तिथल्या वकिलाची फी आणि तारखा यांचा हिशेब साडेअठरा हजारांच्या पुढे जातो. कास्तकाराने ठरवले की तूर्त राहू द्या.

२०२५ च्या आंबिया बहाराला तोच बगीचा दुसऱ्या व्यापाऱ्याला गेला. या वेळी मुलाने चिठ्ठीवर लिहून घेतले की पैसे सौदा करणाऱ्याच्याच खात्यातून येतील, तिसऱ्याच्या नाही. व्यापाऱ्याने टनामागे पाचशे रुपये उतरवून मागितले. दोन दिवस ताणून शेवटी बापाने होकार दिला.